मृगाच्या आधी छपराचा हिशेब

अमरावती-अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि जूनच्या तोंडावर वावधान सुटले की टिनपत्रे उडतात. म्हणून छपराचे काम मृगाच्या आधी उरकण्याची वऱ्हाडात घाई असते. या घाईतच गिऱ्हाईक फसते.

पहिली चूक मापात होते. २० बाय १५ फुटांची खोली म्हणजे ३०० चौरस फूट, तीन ब्रास. पण चारही बाजूंनी फूटभर पत्रा बाहेर काढला की ३७४ होतात. उतार आणि पत्र्यावर पत्रा चढवण्याचे अंतर धरले तर सव्वाचारशेच्या आसपास. दर खोलीच्या मापाचा की पत्र्याच्या, हे आधीच कागदावर लिहून घ्यावे. पत्र्यावरचा १८ टक्के जीएसटी त्यात आहे का, तेही.

दुसरी गोष्ट जाडीची. ०.५० मिलिमीटरऐवजी ०.३५ चा पत्रा आला, तर पोलाद ३० टक्के कमी मिळते. रंग सारखाच असल्याने ते डोळ्यांना कळत नाही. मायक्रोमीटर लावूनच पाहावे लागते.

मिस्त्री चांगला की कसा, हे मात्र स्क्रूवरून कळते. नालीदार पत्र्यात तो उंचवट्यावर, रबरी वॉशरसह बसलेला हवा. खोलगट भागात मारला, तर पाणी नेमके तिथूनच वाहते आणि भोकातून झिरपते.

स्लॅब गळत असेल तर वॉटरप्रूफिंगनंतर गच्चीवर दोन दिवस पाणी साठवून बघावे, खालून ओल तपासावी, आणि मजुरीचा शेवटचा हप्ता त्यानंतरच द्यावा.