आठ पास, बारवी बाकी!

रविवारी सकाळी साडेसहाला बदलापूर वेस्टच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर जाऊन उभे राहा. (धरण खरं तर शहराच्या पूर्वेला, पण जायचं ‘वेस्ट’हून. रेल्वेच्या ईस्ट-वेस्टचा हा लोच्या बदलापूरकरांच्या अंगवळणी पडलाय.) पाच-सहा बाइक स्टँडवर, हेल्मेटं आरशांवर लटकलेली, हातात कटिंग. एमएच ०५ वाल्यांची मेजॉरिटी, मधूनच ठाण्याचा एखादा एमएच ०४, नवी मुंबईचा एखादा एमएच ४३. आठवडाभर लोकलमध्ये चेंगरून ऑफिस गाठणारी ही मंडळी बारवी धरणाकडे निघालीयत. आणि निघण्याआधी नेहमीचा वाद रंगलाय. ‘ॲव्हरेज किती देते?’ ‘पिकअप कसाय?’ ‘टॉपला किती मारलीस?’

या कट्ट्यावर सहसा न विचारला जाणारा एक प्रश्न आहे, ‘तू लायसन्सची टेस्ट कशी दिलीस?’ विचारून बघा. हशा पिकेल. आरटीओच्या मैदानात आठचा आकडा काढला, पाय टेकला नाही, साहेबांनी मान हलवली, झालं! दोन-तीन मिनिटांचा खेळ. त्या भांडवलावर आपण पुढची कित्येक वर्षं रस्त्यावर असतो.

कुणाची गाडी भारी?

आधी गाड्यांचंच बोलू, नाहीतर बाइकवाले पुढे वाचायचे नाहीत! प्रत्येक ग्रुपमध्ये काकांची किंवा मामांची यामाहा आरएक्स १०० सांभाळणारा एक अवलिया असतोच. १९८५मध्ये आलेली ही गाडी १९९६मध्ये बंद झाली, पण तिच्या आवाजावर आजही माना वळतात. दुसरा असतो स्प्लेंडरवाला. १९९४पासून ही गाडी बिचारी तक्रार न करता ऑफिस, बाजार, सासुरवाडी सगळं करतेय. तिसरा पल्सरवाला. २००१मध्ये चाकणहून १५० आणि १८० सीसीच्या पल्सर निघाल्या आणि ‘परवडणारी गाडी म्हणजे १०० सीसी’ हे समीकरणच मोडलं. मग २००९च्या क्लासिक ३५०पासून बुलेटवाले पुन्हा फॉर्मात आले, तर २०१२मध्ये ड्यूक २०० आणि पुढच्याच वर्षी ड्यूक ३९० आली आणि कॉलेजच्या पोरांची झोप उडाली.

आता जरा आकडे बघा. स्प्लेंडरचं वजन साधारण ११२ किलो, ताकद आठ पीएस. क्लासिक ३५०चं वजन १९५ किलो. म्हणजे स्प्लेंडरवर एक धट्टाकट्टा माणूस कायमचा बसवून ठेवला, तर जेवढं होईल तेवढं! आणि पहिल्या ड्यूक ३९०ची ताकद ४३.५ पीएस, स्प्लेंडरच्या पाचपट. वळणावर, चढावर, अचानक ब्रेक मारताना या तीन गाड्या तीन वेगळे प्राणी आहेत. एक गाय, एक हत्ती, एक चित्ता!

एक लायसन्स, सगळे प्राणी

आपल्याकडे या तिन्ही प्राण्यांसाठी लायसन्स मात्र एकच. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात दुचाकीचे दोनच मुख्य वर्ग आहेत, विनागियर आणि गियरवाली. अठरा पूर्ण झाली, १०० सीसीच्या गाडीवर गियरची टेस्ट दिली, की दुसऱ्या दिवशी शोरूममधून ६५० सीसीची बाइक काढायला तुम्ही मोकळे. सीसीची अट नाही, अनुभवाची नाही.

दुसरी गंमत सोळा वर्षांच्यांची. त्यांना विनागियर दुचाकीचं लायसन्स मिळतं, पण इंजिन ५० सीसीपर्यंतचंच हवं. लुनासारख्या मोपेडच्या जमान्यात ते ठीक होतं. आज तसली पेट्रोलची गाडी शोरूममध्ये शोधून सापडत नाही. म्हणजे दहावी-अकरावीतल्या धाकट्या भावाला ‘जा, जरा दूध घेऊन ये’ म्हणत तुम्ही ११० सीसीच्या स्कूटरची चावी देता, तेव्हा लोच्या होऊ शकतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. गाडीचं रजिस्ट्रेशन वर्षभरासाठी रद्द होतं, ते वेगळंच.

बरं, नियमात टेस्ट एवढी फुसकी आहे का? अजिबात नाही. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांमधली यादी भलीमोठी आहे. आरसा नीट लावणं, योग्य गियर निवडणं, हाताने इशारे देणं, ओव्हरटेक करणं, ब्रेकचा नीट वापर आणि हो, आणीबाणीत गाडी थांबवून दाखवणंसुद्धा! कागदावर सगळं आहे. आपल्या गप्पांमध्ये, क्लासवाल्याच्या शिकवणीत आणि आपल्या तयारीत उरतो तो फक्त आठचा आकडा.

तो आकडा वाईट नाही हं. हळू वेगात तोल, क्लच आणि नजर यांचा मेळ त्यात खराखुरा तपासला जातो. पण तो काढताना गाडी पहिल्या गियरमध्ये असते. आपला जीव जातो तो तिसऱ्या-चौथ्या गियरमध्ये.

२०२२मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यांतली जवळपास ७५ हजार दुचाकीवरची होती. आणि ५० हजारांहून जास्त मृतांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. हे केंद्र सरकारचेच आकडे आहेत. टपरीवरच्या ॲव्हरेजच्या चर्चेत हे ॲव्हरेजही कधीतरी यायला हवं.

तिकडे काय चालतं?

ऑनसाइट गेलेल्या मित्राला विचारा. ब्रिटनमध्ये बाइकचं लायसन्स टप्प्याटप्प्याने मिळतं. सतराव्या वर्षी १२५ सीसीपर्यंतची गाडी, एकोणिसाव्या वर्षी ३५ किलोवॅटपर्यंतची. कितीही ताकदीची बाइक हवी, तर दोन वर्षांच्या अनुभवासह एकवीस पूर्ण हवीत, नाहीतर थेट चोविसाव्या वर्षी. आठचा आकडा तिकडेही आहे, पण ती नुसती सुरुवात. ताशी किमान ५० किलोमीटर वेगात करकचून ब्रेक मारून थांबणं आणि त्याच वेगात अडथळा चुकवणं, हे जमलं तरच पुढे रस्त्यावरची टेस्ट.

सिंगापूरला आधी २०० सीसीपर्यंत, वर्षभराने ४०० सीसीपर्यंत आणि आणखी वर्षभराने त्यापुढची, असा जिना चढावा लागतो. जपानची तऱ्हा तर भन्नाट! १५ मीटर लांब आणि जेमतेम ३० सेंटिमीटर रुंद पट्टीवरून बाइक न्यायची, तीसुद्धा हळू! ४०० सीसीपर्यंतच्या लायसन्सला किमान सात सेकंद लागले पाहिजेत, त्यावरच्या मोठ्या बाइकला दहा. पट्टीवरून घसरलात की नापास.

या तिन्ही ठिकाणी फंडा एकच. गाडी मोठी, तर परीक्षा मोठी.

हे तत्त्व समजायला खरं तर परदेशात जायची गरज नाही. बारवी धरणाकडेच बघा ना. एमआयडीसीच्या या धरणातून उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरसकट कितीतरी शहरांना आणि कारखान्यांना पाणी जातं. धरणाची उंची वाढवली तेव्हा नुसतं जास्त पाणी अडवून भागलं नाही, वाढलेलं पाणी सांभाळायला नवे स्वयंचलित दरवाजे बसवावे लागले. आपण मात्र १००वरून ३५०वर जातो आणि ब्रेक मारायची सवय तीच जुनी ठेवतो.

बारवीचा पेपर

सरकार नवी टेस्ट आणेल तेव्हा आणेल. तोवर आपला पेपर आपणच काढायचा. बारवी रोड त्यासाठी झकास आहे, कारण तो एक्स्प्रेसवेसारखा सरळसोट नाही. मुळगाव मागे पडलं की घरं विरळ होतात, झाडी दाटते. मग वळणं, मध्येच गुरं, पावसाळ्यात ओला पाचोळा, कडेला खडी. बाइकला काय येतं हे टपरीवर कळतं; आपल्याला काय येतं ते इथे.

पहिला प्रश्न ब्रेकचा. ‘पुढचा ब्रेक मारू नकोस, उडशील’ हा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला सल्ला अर्धवट आहे. ब्रेक लागताच वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे गाडी थांबवण्याचं मोठं काम तोच ब्रेक करतो. फक्त तो झटक्याने आवळायचा नसतो. दोन्ही ब्रेक एकत्र आणि दाब वाढवत न्यायचा. २०१९पासून १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या बाइकना एबीएस सक्तीचं आहे, तर १२५पर्यंतच्या गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी सीबीएस. जुनी पल्सर किंवा आरएक्स असेल तर ही मदत नाही, चाक लॉक होऊ न देण्याची जबाबदारी तुमच्या बोटांची. ही प्रॅक्टिस रस्त्यावर नको, रिकाम्या मैदानात करा. आधी २० च्या वेगात, मग ३०, मग ४०.

दुसरा प्रश्न वेगाचा. ताशी ६० ला गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. वळणापलीकडची म्हैस दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एवढं अंतर गेलेलं असतं! आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर दुप्पट नाही, चौपट होतं. म्हणून सोपा नियम, जेवढा रस्ता दिसतोय तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग.

तिसरा प्रश्न नजरेचा. वळणावर गाडी तुमची नजर जाते तिकडे जाते. खड्ड्याकडे टक लावलीत की खड्ड्यातच. नजर वळणाच्या शेवटाकडे ठेवा. आठ काढताना हेच शिकला होतात, आठवतंय?

पुढच्या रविवारी टपरीवर ॲव्हरेजबरोबर हाही विषय काढून बघा. ४०च्या वेगातून कुणाची गाडी किती पावलांत थांबते, हे मैदानात मोजा. ज्याची सगळ्यांत कमी पावलांत, सरळ रेषेत आणि न घसरता थांबेल, त्याची गाडी भारी! चहा बाकीच्यांनी पाजायचा.

निघण्याआधी एवढं बघाच

• लर्निंग लायसन्स सहा महिने चालतं. पक्क्या लायसन्सची टेस्ट किमान ३० दिवसांनी. नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा. तीनदा नापास झालात तर ६० दिवस थांबा.

• लर्निंगवर असाल तर ‘एल’ लावा. मागच्या सीटवर फक्त लायसन्स असलेला शिकवणारा चालतो. तेव्हा ‘तिला’ किंवा ‘त्याला’ बारवी दाखवायचा प्लॅन पक्कं लायसन्स येईपर्यंत पुढे ढकला!

• विनागियरचं लायसन्स बुलेटला चालत नाही. अपघात झाला तर इन्शुरन्सवाले हात वर करू शकतात.

• हेल्मेट आयएसआय मार्कचं, पट्टा लावलेलं, दोघांच्याही डोक्यावर. आरशावर लटकवलेलं हेल्मेट फक्त आरसा वाचवतं.

• पावसाळ्यात या भागातले धबधबे आणि धरण परिसर यांवर प्रशासन मनाई आदेश काढत असतं. आधी चौकशी करा. बंदी असेल तर टपरीवरूनच परत फिरा, चहा तसाही तिथलाच छान असतो.