‘मुस्तफा’ घरी आणण्याआधी

नव्वदच्या दशकात ज्यांचे खाऊचे पैसे व्हिडिओ गेम पार्लरमध्ये गेले, त्यांना ‘मुस्तफा’ कोण हे सांगावं लागत नाही. कॅपकॉमचा १९९३चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हा खेळ आपल्याकडे त्यातल्या एका पात्राच्या नावानंच ओळखला गेला. तेव्हाची ती पोरं आता चाळिशीत आली, हातात चार पैसे आले, आणि त्यांतल्या काहींनी थेट आर्केड मशीनच घरात आणलं. कुणी सुताराकडून प्लायवूडचं कॅबिनेट करून आत रास्पबेरी पाय हा छोटा संगणक बसवतो, कुणी बंद पडलेल्या पार्लरमधलं जुनं धूड उचलतो, कुणी परदेशातून मागवतो. बटणांचा रंग आणि स्टिकर यांवर महिनोन्‌महिने खल होतो. मशीन ज्या प्लग पॉइंटला लावायचं, त्याकडे मात्र कुणी ढुंकूनही पाहत नाही.

याला कारण आहे. जुनं पिक्चर ट्यूबचं मशीनसुद्धा साधारण १०० ते २०० वॅट खातं. २३० व्होल्टला हा हिशोब एक अँपिअरच्याही आत बसतो. मग ‘कुठल्याही पॉइंटला चालेल की’ असं वाटणं साहजिक आहे. पण पॉइंट बिघडलेला असेल, तर लोड कमी असून फारसा उपयोग नाही. गेमचा बोर्ड चालतो ५ व्होल्टवर. १९८०च्या दशकात जपानी उत्पादकांनी ठरवलेल्या ‘जामा’ पद्धतीच्या मशीनमध्ये त्याच्या जोडीला १२ आणि उणे ५ व्होल्ट लागतात. भिंतीतली गडबड पॉवर सप्लायमधून झिरपली, की चित्र थरथरतं, आवाजात घरघर येते, गेम मध्येच रीसेट होतो. दोष मात्र बोर्डाला दिला जातो.

सैल पॉइंट

पॉइंटमध्ये प्लगचा टॉप घातल्यावर तो स्वतःच्या वजनानं लोंबत असेल, जरा हलवल्यावर चर्रचर्र आवाज येत असेल, तर आतल्या पितळी पट्ट्यांची पकड गेली आहे. मेन बंद करून असा स्विचबोर्ड उघडला, की सगळी कथा दिसते: छिद्राभोवती प्लास्टिकला तपकिरी कडं, काळी पडलेली पट्टी, स्क्रूखाली तारेचे निम्मेच पदर आणि उरलेले बाहेर पिंजारलेले. वीज त्या अरुंद जागेतून जाताना तिथं उष्णता तयार होते, उष्णतेनं जोड आणखी ढिला होतो, आणि हे चक्र वाढत जातं. कोकण-गोव्याच्या खाऱ्या दमट हवेत तांब्यावर हिरवट थर चढतो, तो वेगळाच. रास्पबेरी पायच्या मशीनला तर क्षणभर वीज तुटली तरी मेमरी कार्डावरचा डेटा बिघडू शकतो. कुठल्याही देशाचा टॉप घेणारे ‘युनिव्हर्सल’ सॉकेट यासाठी टाळावेत. सगळ्यांना सामावून घेणारी पट्टी कुणालाच नीट धरत नाही. साधा आपल्या पद्धतीचा, शटरवाला थ्रीपिन पॉइंट उत्तम.

तिसरी पिन

मशीनच्या धातूच्या कॉइन डोअरला हात लावला, की बोटांत झिणझिण्या येतात. ‘मशीनमध्ये करंट उतरलाय’ असं निदान होतं. पुष्कळदा दोष भिंतीचा असतो. बहुतेक पॉवर सप्लायमध्ये फिल्टरचे दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजपासून बॉडीला, दुसरा न्यूट्रलपासून बॉडीला. अर्थिंग धड असेल तर त्यांतून गळणारा किंचित करंट जमिनीत जातो. अर्थिंगची तार तुटलेली किंवा जोडलेलीच नसेल, तर बॉडी फेज आणि न्यूट्रलच्या अधेमधे, ११५ व्होल्टच्या आसपास लटकत राहते. म्हणून तर अर्थची पिन लांब असते: ती सर्वांत आधी जोडली जावी आणि सर्वांत शेवटी सुटावी. ती कापून टाकणं किंवा टूपिन अडॅप्टर लावणं हा उपाय नव्हे. त्याहून वाईट म्हणजे पॉइंटच्या आतच अर्थ आणि न्यूट्रलला वायरचा तुकडा जोडून देणं. झिणझिण्या थांबतात खऱ्या. पण मागे कुठं न्यूट्रल तुटली, की मशीनचं सगळं धातूकाम फेजला लागतं.

तपासणी सोपी आहे, पण ती वायरमनकडूनच करून घ्यावी. मल्टिमीटर लावून फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ हे दोन्ही आकडे २३०च्या आसपास यायला हवेत, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये फार तर दोनचार व्होल्ट. नुसत्या टेस्टरच्या दिव्यावर विसंबू नये. त्याला अर्थिंगचं काही कळत नाही. बंगल्यात अर्थिंगचा खड्डा असेल, तर उन्हाळ्यात त्यात पाणी घालायची जुनी सवय मोडू नये.

न्यूट्रल गेली तर

डीपीतून आपल्याकडे येते ती तीन फेजपैकी एक. सामायिक न्यूट्रल तुटली, की शेजारच्या फेजचं गणित आपल्या घरात घुसतं आणि दाब ४०० व्होल्टच्या जवळ जाऊ शकतो. इथं नेहमीचा स्पाइक गार्ड हात टेकतो. तो सेकंदाच्या सूक्ष्म भागात येणारा झटका पेलण्यासाठी असतो, मिनिटभर टिकणाऱ्या जादा दाबासाठी नाही. शिवाय झटक्याचा बराच भाग त्याला अर्थिंगकडे वळवायचा असतो. अर्थिंगच नसेल तर तो वळवणार कुठं? न्यूट्रल तुटण्यावर उपाय म्हणजे दाब ठरलेल्या मर्यादेबाहेर जाताच लाइन तोडणारा आणि लाइट स्थिरावल्यावरच परत जोडणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर.

आरसीसीबी या ब्रेकरचं काम आणखी वेगळं. जाणाऱ्या आणि येणाऱ्या करंटमध्ये ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, की तो लाइन तोडतो आणि माणूस वाचतो. जादा व्होल्टेज किंवा सैल जोड त्याला दिसत नाही.

परदेशी पाहुणा

अमेरिकी मशीन १२० व्होल्टचं, जपानी १०० व्होल्टचं. ते थेट आपल्या पॉइंटला लावलं, तर नशीब असेल तर फ्यूज जातो, नसेल तर ट्रान्सफॉर्मर. काही जुन्या मशीनच्या ट्रान्सफॉर्मरवर २२०-२४०चा टॅप असतो, तो आधी शोधावा. नसेल तर पुरेशा वॅटेजचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा. ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर जरा जास्त तापतो, म्हणून कॅबिनेटमागे हवा खेळती ठेवावी. फ्यूज गेला तर त्याच रेटिंगचा बसवावा; तार गुंडाळून वेळ मारून नेऊ नये. पिक्चर ट्यूबच्या भागाला हौशी माणसानं हातच लावू नये. तिथं वीस हजार व्होल्टच्या घरातला दाब असतो आणि टॉप काढल्यावरही काही काळ शिल्लक राहतो.

लाइट गेल्यावर मशीन घरच्या इन्व्हर्टरवर येत असेल, तर इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा हवा. स्क्वेअर वेव्हवर जुने ट्रान्सफॉर्मर गुणगुणतात आणि तापतात.

पैसे कुठं घालायचे

खर्चाचा क्रम बहुतेक जण उलटा लावतात. दुकानातून महागडा स्पाइक गार्ड आणतात आणि तो सैल, बिनअर्थिंगच्या पॉइंटला लावतात. पहिला खर्च वायरमनचा: अर्थिंग, नवा पॉइंट, घट्ट स्क्रू. मग घरच्या मुख्य वीजपेटीत आरसीसीबी नसेल तर तो. त्यानंतर व्होल्टेज प्रोटेक्टर. स्पाइक गार्ड सर्वांत शेवटी, आणि त्याचा संरक्षण दाखवणारा दिवा विझला की तो बदलायचा.

एक सणापुरतं पथ्य. माळा, आकाशकंदील आणि पाहुण्यांचे चार्जर मशीनच्या एक्स्टेंशनवर चढवू नयेत. मशीनला स्वतंत्र पॉइंट द्यावा. तासभर खेळ झाल्यावर टॉपला हात लावून पाहावा. तो कोमट जरी लागला, तरी खेळ तिथंच थांबवून वायरमनला बोलवावं. आणि पावसाळा संपल्यावर वर्षातून एकदा त्याच्याकडून स्विचबोर्डातले स्क्रू आवळून घ्यावेत. दिवाळीच्या साफसफाईत हे काम सहज बसतं.