वर नेणारं ‘उतरणं’

लोकल जोगेश्वरीहून सुटली की दाराशी एकच प्रश्न पुढं सरकत जातो, ‘अंधेरीला उतरणार का?’ या ‘उतरणे’ची फोड मात्र चक्रावून टाकते. त्याच्या मुळाशी संस्कृत ‘उत्तरति’ आहे. तृ हा धातू पाणी ओलांडण्याचा, आणि त्याला लागलेला उद् हा उपसर्ग ‘वर’ या अर्थाचा. मग क्रियापद खाली कसं आलं?

याचं उत्तर पाण्यात आहे. ‘उत्तरति’ म्हणजे पाण्यातून वर येणं, पैलतीराला लागणं. बोरिवलीच्या खाडीवर हा अर्थ आजही डोळ्यांनी पाहता येतो. गोराईची बोट ओहोटीला धक्क्याशी लागते तेव्हा ती बरीच खाली असते. माणसं पिशव्या सावरत, कठड्याला धरून वर चढतात आणि तरी म्हणतात, ‘उतरलो’. नदी पायी ओलांडण्याजोगी झाली की ‘उतार’ मिळतो. तीर्थ हा शब्दही याच तृचा, मूळ अर्थ पाणी ओलांडायची जागा. प्रवाशाला ‘उतारू’ म्हणतात तोही याच कुळातला. होडीतून काठावर येणं हे पुढं कोणत्याही वाहनातून बाहेर पडणं झालं. घोड्यावरून, पालखीतून, गाडीतून बाहेर येताना पाय जमिनीकडं जातो, आणि ‘वर’चा ‘खाली’ झाला.

पण ‘उतरणे’ हे ‘अवतरणे’वरूनच आलं नसेल कशावरून? अव म्हणजे खाली, अर्थ तर चपखल बसतो. इथं ध्वनींची साक्ष काढावी लागते. दोन स्वरांमधला एकेरी त प्राकृतात गळून पडायचा, म्हणून माताची माय झाली. जोड त मात्र टिकला : सप्तचं सत्त होऊन सात, भक्तचं भत्त होऊन भात. ‘अवतरति’चं प्राकृतात ‘ओअरइ’ झालं, त्यात त उरलाच नाही. ‘उतरणे’तला त शाबूत आहे, कारण तो उद् आणि तृ यांच्या संधीतल्या ‘त्त’चा वारस आहे. अर्थाच्या सारखेपणापेक्षा हा एक त जास्त भरवशाचा.

  मराठीत उपसर्ग धातूत पुरता मुरला. संस्कृतातून जसाच्या तसा घेतलेल्या ‘उत्तीर्ण’मध्ये मात्र तो दिसतो. दहावीच्या निकालात ऐकू येणारा हा शब्द उद् आणि तृ यांचाच, अर्थ पार गेलेला. आणि घाटकोपर-मुलुंडच्या गुजराती घरांतलं ‘ऊतरवुं’, हिंदीतलं ‘उतरना’ ही त्याच ‘उत्तरति’ची लेकरं, त तिथंही टिकला आहे.