हुतात्मा दिन आणि आश्रमाचे पंडितजी

काँगो देशात १७ जानेवारीस पॅट्रिस लुमुंबांचा दिवस पाळतात. १९६१ साली त्यांची हत्या झाली. आपला असा दिवस त्यानंतर तेराच दिवसांनी येतो. ३० जानेवारीस सकाळी अकराला कचेऱ्यांतून, शाळांतून माणसे दोन मिनिटे स्तब्ध उभी राहतात.

आपल्या मराठी घरांतील मौन मात्र थोडे निराळे. मारेकरी मराठी होता, हे कोणी बोलत नाही आणि कोणी विसरतही नाही. १९४८ साली सातारा-सांगली-कोल्हापूरकडे घरे जळाली, त्याच्या हकीकती इकडच्या आप्तांपर्यंतही आल्या. तेव्हापासून या दिवशी आपली मान जी खाली गेली, ती गेलीच; आणि त्यामुळे एक मराठी माणूस आपल्या दृष्टीआड झाला.

गांधीजी पडले ते सायंकाळी पाच वाजून सतरा मिनिटांनी, प्रार्थनेस निघाले असता. त्या प्रार्थनेला आश्रमात सूर लावून दिला तो पंडित नारायण मोरेश्वर खरे यांनी. गांधीजींनी आश्रमासाठी संगीतशिक्षक मागितला, तेव्हा विष्णु दिगंबर पलुस्करांनी आपला हा शिष्य साबरमतीस धाडला. ‘आश्रम भजनावली’ त्यांनी सिद्ध केली. भजनाच्या माथ्यावर राग व ताल दिले. तीत तुकोबाही आले. मैफल रंगविणे एक वेळ सोपे, पण सूत कातणारे, स्वयंपाक करणारे, पोरेसोरे असे शेपन्नास अशिक्षित गळे रोज पहाटे एका षड्जावर आणणे म्हणजे काय, हे शिकविणाऱ्यासच विचारावे! १९३० साली आश्रमात देवीची साथ आली, तीत पंडितजींचा मुलगा गेला. तरीही ते दांडीयात्रेत चालले. १९३८ साली हरिपुऱ्यास त्यांचे निधन झाले. दहा वर्षांनंतरची ती सायंकाळ त्यांना पाहावी लागली नाही.

सप्टेंबर १९२९ मध्ये गांधीजी नवाब हमीदुल्लाखानांचे पाहुणे म्हणून भोपाळास आले होते, बेनझीरवर सभा झाली होती, हे आपण पाहुण्यांना हौसेने सांगतो. खरे यांचे नाव मात्र गाणे शिकणाऱ्या मुलांनाही ठाऊक नसते.

या दिवशी दिवसभर रडवे सूर लावण्याची जी रीत पडली आहे, ती आम्हांस पटत नाही. शेजारच्या देवासला कुमार गंधर्वांनी १९६९ च्या जन्मशताब्दीस गांधींसाठी राग बांधला तो मल्हाराच्या अंगाचा, पावसाचा, ‘गांधी मल्हार’. दरबारी गवयाच्या घरात वाढल्यामुळे राजाच्या मृत्यूनंतर कोणते राग टाळायचे, याच्या गोष्टी आम्ही पुष्कळ ऐकल्या आहेत. पण इथे राजा नव्हताच.

यंदा आमच्या वर्गात भजनावलीतील तुकोबांचा अभंग बसवीत आहोत. म्हणणार सकाळी अकराला नव्हे, सायंकाळी सव्वापाचला. पेटी एकच, तबला नाही. ज्यास यावयाचे असेल त्याने यावे, गळा नसला तरी चालेल.