मंद गतीचे बळ : ठिबकचा व्हॉल्व्ह आणि स्टेपर मोटर

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील बागायती पट्ट्यात ज्याच्या रानात ऊस आहे, त्याच्या घरी रात्रीची एक पाळी ठरलेलीच असते. शेतीपंपाला तीन-फेज वीज आळीपाळीने मिळते. कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की घरातील कोणीतरी बॅटरी घेऊन शेतात जातो. आधी पुढचा व्हॉल्व्ह उघडायचा, मगच मागचा बंद करायचा. क्रम चुकला तर पंपाचा सारा दाब नळीवर येऊन ती फुटते. दोन तासांनी पुन्हा तेच. अंधार, साप आणि अलीकडे बिबट्याची धास्ती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते, तेव्हा पाटबंधारे आणि वीज हे दोन्ही विषय त्यांच्याकडे होते. पाणी आणि वीज यांची ती जोडी आजही शेतकऱ्याची झोप ठरवते.

शेतकऱ्यांच्या घरांतून वसतिगृहात आलेल्या मुलांना विज्ञान प्रदर्शनाच्या वेळी म्हणूनच एक कल्पना हटकून सुचते : हा व्हॉल्व्ह आपोआप फिरावा. त्यासाठी ती स्टेपर मोटर निवडतात आणि ही निवड योग्य आहे. टेबलावरचे पुठ्ठ्याचे प्रतिरूप झकास चालते. खऱ्या व्हॉल्व्हला जोडले की मात्र मोटर गुणगुणते, थरथरते आणि जागची हलत नाही. मग ‘मोटर कमजोर आहे, मोठी आणा’ असा निकाल दिला जातो. बहुतेक वेळा तो घाईचा असतो.

साधी मोटर वीज मिळाली की फिरत राहते. स्टेपर मोटर पावले टाकते. तिच्या आत चुंबकीय गाभा असतो व भोवती तारांची वेटोळी. एका वेटोळ्यातून दुसऱ्यात वीज वळवली की गाभा एक पाऊल सरकतो आणि तिथेच घट्ट थांबतो. नेहमीच्या मोटरीत अशी २०० पावले म्हणजे एक फेरा. एक पाऊल १.८ अंशांचे. या मोटरीचे पिळाचे बळ, ज्याला कारखान्यात टॉर्क म्हणतात, थांबलेल्या किंवा अगदी हळू फिरणाऱ्या स्थितीत सर्वांत जास्त असते आणि वेग वाढेल तसे घटत जाते. वेगात वेटोळ्यातील धारा पूर्ण वाढण्याआधीच ती उलटवण्याची वेळ येते. शिवाय फिरणारा गाभा स्वतःच विरुद्ध दाब निर्माण करतो. तेव्हा मंद गतीला बळ कमी पडत असेल, तर दोष मोटरीच्या जातीत नसतो. तो अन्यत्र शोधावा लागतो.

पहिली जागा म्हणजे धारा. मंद गतीला मोटरीचे बळ जवळपास धारेच्या प्रमाणात असते. १.५ अँपिअरच्या मोटरीला ०.७५ अँपिअर दिली तर बळही निम्मेच मिळणार. मोटरीला वीज पुरवणाऱ्या ड्रायव्हरच्या पट्टीवर धारा ठरवणारा एक बारीक स्क्रू असतो. बाजारातून आणलेल्या पट्टीवर तो कुठेही ठेवलेला असू शकतो. मोटरीवर लिहिलेली धारा वाचून तो जुळवावा. त्यापलीकडे जाऊ नये, कारण धारा दुप्पट केली की उष्णता चौपट होते. सोण थेरांना तथागतांनी वीणेच्या तारेचा जो दाखला दिला, अति ताणलेलीही नको आणि सैलही नको, तो या स्क्रूलाही लागू पडतो. धारा राखणारा ड्रायव्हर असेल तर १२ व्होल्टऐवजी २४ व्होल्ट दिल्याने मंद गतीचे बळ वाढत नाही. जादा व्होल्टचा उपयोग वेगात होतो. हे ठाऊक नसल्याने अनेक जण पैसे पुरवठ्यावर खर्च करतात.

थरथरीचे कारण निराळे. प्रत्येक पावलानंतर गाभा झोपाळ्यासारखा किंचित हेलकावतो. एका ठरावीक मंद वेगाला पुढचे पाऊल नेमके त्या हेलकाव्याच्या ठेक्यावर पडते आणि मोटर पाऊल चुकते. पावलाचे १६ सूक्ष्म भाग केले की चाल मऊ होते. मात्र अशा एका सूक्ष्म भागाचे बळ पूर्ण बळाच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढे असते. ओझे जड असेल तर काही भाग साचल्याशिवाय दांडा हलत नाही. सूक्ष्म पावलांनी थरथर जाते, बळ वाढत नाही.

आता खरा हिशेब. व्हॉल्व्हला किती बळ लागते, हे मोटर विकत घेण्याआधी मोजावे. व्हॉल्व्हच्या दांडीला २० सेंटिमीटर लांबीची पट्टी घट्ट बांधून टोकाला वजन वाढवत न्यायचे. पट्टी आडवी असताना समजा दीड किलोला व्हॉल्व्ह सुटला, तर १.५ × ९.८ × ०.२, म्हणजे सुमारे ३ न्यूटन-मीटर बळ लागले. हे मोजमाप नव्या व्हॉल्व्हवर करून चालणार नाही. बोअरच्या पाण्यातील क्षार बसलेला, आठवडाभर बंद राहिलेला व्हॉल्व्ह घ्यावा; तोच सर्वांत हट्टी असतो. मुले सहसा वापरतात ती ४२ मिलिमीटर चौकोनी मोटर सुमारे ०.४ न्यूटन-मीटर देते, म्हणजे त्याच पट्टीच्या टोकाला फक्त २०० ग्रॅम. स्क्रू कितीही नीट जुळवला तरी ही दरी भरून निघत नाही.

ती भरण्याची रीत आपल्या परिसरातच रोज चालू असते. माळेगावच्या किंवा भवानीनगरच्या साखर कारखान्यात उसाचा चुरा करणारे रूळ मिनिटाला जेमतेम चार-पाच फेरे घेतात. त्यांना फिरवणारे यंत्र मात्र कितीतरी वेगाने फिरते. मधली दातेरी चाके वेग उतरवतात आणि त्याच्या बदल्यात बळ चढवतात. व्हॉल्व्हलाही हाच सौदा परवडतो, कारण त्याला घाई नाही. उलट तो सावकाश मिटला तर नळीत पाण्याचा धक्का बसत नाही.

बळ ३ लागते. मोटर चालताना थांबलेल्या स्थितीइतके बळ देत नाही आणि क्षारही वाढणार, म्हणून दुप्पट, ६ धरू. ३० पट उतार देणारा वर्म गिअर घेतला आणि घर्षणात निम्मे बळ गेले असे मानले, तर ०.४ × ३० × ०.५ = ६. व्हॉल्व्ह पाव फेरा फिरण्यासाठी मोटरीला साडेसात फेरे, म्हणजे १५०० पावले टाकावी लागतील. सेकंदाला ३०० पावले धरली तर ५ सेकंद. सुरुवात मात्र हळू करून वेग वाढवावा, एकदम ३०० ची उडी घेऊ नये. म्हणजे मोठ्या मोटरीची गरजच उरली नाही. शिवाय असा वर्म गिअर सहसा उलटा फिरत नाही, त्यामुळे काम झाल्यावर मोटरीची वीज तोडता येते आणि सौर पॅनेलवरची बॅटरी वाचते.

एक धोका उरतो. पाऊल चुकले तरी स्टेपर मोटरीला ते कळत नाही. ती १५०० पावले मोजून ‘झाले’ असे मानते आणि व्हॉल्व्ह अर्धवट राहतो. पुढचा व्हॉल्व्ह उघडला नसताना मागचा बंद झाला तर नळी फुटणारच. म्हणून प्रत्येक व्हॉल्व्हच्या दोन्ही टोकांना एकेक लहान स्विच हवा आणि पुढच्याचा ‘उघडला’ हा निरोप आल्याशिवाय मागचा हलता कामा नये. आणि वर्म गिअर हाताने फिरत नसल्याने दांडी व गिअर यांना जोडणारी खीळ काढता येईल अशी ठेवावी, म्हणजे यंत्र बंद पडलेल्या रात्री व्हॉल्व्ह हाताने फिरवता येईल.