पाण्याची भीती कशी जाते?

मुंबईहून विरारकडे जाणारी लोकल गाडी भाईंदर स्टेशन सोडते आणि थोड्याच वेळात वसईच्या खाडीवरील लांब पुलावर येते. डब्यातली मुले खिडकीशी गर्दी करतात. काही जण खालचे पाणी पाहून खूश होतात, तर काही जण खिडकीचे गज घट्ट धरतात. पूल तोच, पाणीही तेच. मग एकाला मजा आणि दुसऱ्याला भीती असे का?

समजा, भाईंदरच्या केबिन रोडवर राहणारी, आठवीत शिकणारी एक मुलगी आहे. सुट्टीत ती मामांबरोबर रायगड जिल्ह्यातील कोलाडला गेली. तेथे कुंडलिका नदीच्या वेगवान पाण्यात कायाक नावाची चिमुकली होडी चालवतात. मुलीने शिरस्त्राण चढवले, तरंगण्याचे जाकीट घातले आणि ती होडीत बसलीही. पण 'होडी उलटली तर?' हा विचार मनात येताच तिचे हातपाय गार पडले. मामा म्हणाले, "अगं, घाबरतेस काय? एकदा ढकलून देतो, आपोआप शिकशील!"

मामांचे बरोबर की चूक? मित्रांनो, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला नदी, होडी आणि मेंदू या तिघांचीही ओळख करून घ्यावी लागेल.

वेळापत्रकाने वाहणारी नदी

सह्याद्रीच्या माथ्यावर मुळशी येथे धरण आहे. त्याचे पाणी मोठ्या नळांतून डोंगराखाली भिरा येथील वीजकेंद्रात येते. १९२७ सालापासून तेथे वीज तयार होत आहे. चक्रे फिरवून झालेले पाणी पुढे कुंडलिकेला मिळते. त्यामुळे पावसाळा संपल्यावर इतर नद्या रोडावल्या, तरी पाणी सोडले की कुंडलिका काही तास खळाळत वाहते आणि पाणी थांबले की पात्रातले दगड पुन्हा उघडे पडतात.

उतारावर दगडांना आपटणाऱ्या पाण्यात हवेचे असंख्य बुडबुडे मिसळतात. हे बुडबुडे प्रकाशातील सर्वच रंग सर्व दिशांना विखरून टाकतात, म्हणून पाणी पांढरे दिसते. या फेसाळ पाण्याचा आणखी एक गुण आहे. समजा, एक लिटर फेसात पाव लिटर हवा आहे. मग त्या एक लिटरचे वजन भरेल जेमतेम पाऊण किलो. आर्किमिडीजचे तत्त्व आठवा: पदार्थ जेवढे पाणी बाजूला सारतो, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतके प्लावक बल त्याला वर ढकलते. पाणीच हलके असेल तर वर ढकलणारे बलही कमी! म्हणून फेसात माणूस साध्या पाण्यापेक्षा खोल जातो. तरंगण्याचे जाकीट हवे ते यासाठीच. पाण्यात बुडालेल्या माणसाचे भासमान वजन अवघे चार-पाच किलो असते आणि चांगले जाकीट सुमारे सात किलो वजनाइतका जोर वर लावते.

जगभर अशा धावत्या पाण्याची पहिली ते सहावी अशी वर्गवारी करतात. पहिल्या वर्गात लहान लाटा असतात. सहाव्या वर्गाच्या वाटेला तरबेज नाविकही सहसा जात नाहीत. शिकाऊ मुलाची सुरुवात मात्र पहिल्या वर्गातही नव्हे, तर संथ पाण्यातच झाली पाहिजे.

उलटणे हा शिक्षणाचाच भाग

कायाक ही मूळची उत्तर ध्रुवाजवळच्या इनुइट लोकांची शिकारीची होडी. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती बनवीत. बर्फाळ समुद्रात होडी उलटली आणि शिकारी बाहेर पडला, तर थंडीने मृत्यू ठरलेलाच. म्हणून होडीत बसल्या बसल्याच वल्ह्याच्या साहाय्याने पुन्हा सरळ होण्याची युक्ती त्यांनी शोधली. १९२७ साली ऑस्ट्रियाच्या हान्स पावलाटा याने जुनी वर्णने वाचून ही युक्ती आत्मसात केली आणि युरोपात तिचा प्रसार झाला. पुढे १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये वेगवान पाण्यातील होड्यांच्या स्पर्धेला प्रथमच स्थान मिळाले.

नदीतील आजची कायाक प्लॅस्टिकची, साधारण दोन ते अडीच मीटर लांबीची असते. ती आखूड असल्यामुळे चटकन वळते आणि अरुंद असल्यामुळे तितकीच चटकन कलंडते. आत पाणी शिरू नये म्हणून नाविकाच्या कमरेभोवती एक घेर असतो. त्याची कड होडीच्या तोंडावर घट्ट बसवतात. घेराच्या पुढच्या बाजूला एक पट्टी असते. होडी उलटली तर पुढे वाकायचे, होडीच्या बुडावर हाताने तीनदा थापटायचे, पट्टी ओढायची आणि होडीला ढकलून बाहेर यायचे. सरावाने हे सारे काही सेकंदांत होते.

पण गंमत पाहा. घाबरलेले शरीर नेमके याच्या उलट वागते! भीती सांगते, 'मागे रेल'. बाहेर पडायला मात्र पुढे वाकावे लागते. होडी सरळ करताना भीती सांगते, 'आधी डोके वर काढ.' आपले डोके चार-पाच किलोंचे असते. पाण्यात असेपर्यंत पाणीच त्याचा भार पेलते. ते बाहेर उचलले की तो सगळा भार शरीरावर येतो आणि अर्धवट सरळ झालेली होडी पुन्हा कलंडते. म्हणून आधी कमरेच्या झटक्याने होडी सरळ करायची आणि डोके सर्वांत शेवटी वर आणायचे. होडीतून बाहेर पडल्यावर भीती सांगते, 'उभी राहा.' धावत्या पाण्यात उभे राहिले तर पाय दगडांच्या फटीत अडकू शकतो. तेथे पाठीवर तरंगायचे आणि पाय वर, प्रवाहाच्या दिशेला ठेवायचे.

याचा अर्थ असा, की येथे नुसते धाडस पुरत नाही. डोके शांत असेल तरच योग्य हालचाल सुचते. म्हणून भीती कमी करणे हा कायाकच्या शिक्षणाचा पहिला धडा आहे.

शरीरातील धोक्याची घंटा

आपल्या मेंदूत, कानशिलांच्या आतल्या बाजूस, बदामाच्या आकाराचे दोन लहान भाग आहेत. त्यांना अमिग्डाला म्हणतात. धोक्याची चाहूल लागताच तेथून सूचना सुटतात. मूत्रपिंडांच्या माथ्यावरील ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रिनलिन सोडतात. हृदय धडधडते, श्वास जलद होतो, स्नायू ताठतात आणि कातडीकडचे रक्त कमी झाल्याने हात गार पडतात. अमेरिकन शास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ सालच्या आपल्या ग्रंथात या स्थितीचे वर्णन केले होते: शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होते.

आता आपल्या मुलीचा विचार करा. ती होडीत कमरेपर्यंत अडकलेली. तिला लढता येत नाही आणि पळताही येत नाही! तिचे गार हात हा भित्रेपणा नव्हे. तिची धोक्याची घंटा चोख वाजते आहे, एवढाच त्याचा अर्थ. 'घाबरू नकोस' असे सांगून ही घंटा थांबत नाही, कारण हृदयाची धडधड आपल्या हुकुमात नसते. श्वास मात्र काही प्रमाणात असतो. सावकाश श्वास घेऊन त्याहून सावकाश सोडला, की हृदयाची गतीही थोडी उतरते.

एक सावधगिरीची सूचना. बुडी मारण्यापूर्वी भराभर खोल श्वास कधीही घेऊ नका. त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि 'आता श्वास घे' हा इशारा उशिरा मिळतो. तोपर्यंत प्राणवायू संपून पाण्याखालीच शुद्ध हरपू शकते.

पीटर आणि ससा

भीती घालवण्याचा एक प्रसिद्ध प्रयोग मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी केला. त्याचा वृत्तांत १९२४ साली प्रसिद्ध झाला. पीटर नावाचा सुमारे तीन वर्षांचा मुलगा सशाला घाबरत असे. सशालाच काय, कापसालाही! जोन्सबाईंनी ससा पिंजऱ्यात ठेवून दूर आणला. पीटर त्या वेळी आवडीचे खाणे खात असे. रोज ससा थोडा जवळ येई. कधी कधी सशाला न भिणारी इतर मुलेही सोबत खेळत. मध्यंतरी पीटर आजारी पडला आणि त्याच सुमारास एका मोठ्या कुत्र्याने त्याला घाबरवले. झाले! गेलेली भीती परत आली. बाईंनी न कंटाळता पुन्हा मागच्या पायरीपासून सुरुवात केली. शेवटी पीटर सशाला आपली बोटे कुरतडू देऊ लागला.

भीती परत का आली? पुढील संशोधनातून असे दिसून आले, की जुनी भीती पाटीवरील अक्षरांसारखी पुसली जात नाही. 'हे सुरक्षित आहे' अशी नवी आठवण तिच्याशेजारी तयार होते आणि सरावाने बळकट होते. जागा बदलली किंवा खंड पडला, की जुनी आठवण डोके वर काढते. म्हणून तलावात न घाबरणारी मुलगी नदीत पुन्हा घाबरली, तर शिकवलेले वाया गेले असे समजू नये.

पायरी पायरीने पाण्यात

आता हीच पद्धत कायाकला लावू. प्रत्येक पायरीवर मुलीने स्वतःच्या भीतीला शून्य ते दहा गुण द्यायचे. गुण उतरले की पुढची पायरी; चढले तर एक पायरी खाली.

पहिली पायरी: संथ, उथळ पाण्यात जाकीट घालून नुसते तरंगणे.
दुसरी: तोंड पाण्यात घालून फुगे सोडणे.
तिसरी: घेर न लावता होडीत बसणे आणि शिक्षकांनी होडी धरून थोडी कलती करणे.
चौथी: होडी पूर्ण उलटवणे, शिक्षकांनी तीन अंक मोजून ती सरळ करणे.
पाचवी: घेर लावून उलटणे, पट्टी ओढून स्वतः बाहेर पडणे.
सहावी: पहिल्या वर्गाच्या प्रवाहात, खडकाआडच्या निवांत पाण्यापासून जवळच.

यात शिक्षकांसाठी एक पथ्य आहे. तीन अंक ठरले असतील, तर चौथा अंक कधीही मोजू नये. मुलीच्या मेंदूचे भाकीत असते, 'मी अडकणार.' प्रत्येक वेळी ती ठरल्याप्रमाणे वर आली, की ते भाकीत खोटे ठरते. भीती जाते ती अशा पुराव्यांनी. एकदा जरी फसवणूक झाली, तरी पुरावा उलट बाजूला जमा होतो. 'थांबा' म्हणण्याचा हक्कही मुलीकडेच हवा.

आपल्या खेड्यांतील वडीलधारी माणसे पाठीला वाळलेला भोपळा किंवा रिकामा डबा बांधून मुलांना विहिरीत पोहायला शिकवत. भोपळा हेही पायरीचेच साधन. पण काठावरून अचानक ढकलण्याची रीतही होती. त्यातून काही जण पोहायला शिकले, हे खरे. जे जन्मभर विहिरीपासून दूर राहिले, त्यांची गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. ढकललेले मूल पाण्यात काय शिकते? 'पाणी भयंकर आणि मोठी माणसे बेभरवशाची!'

याउलट, भीती शिगेला पोहोचली असता मुलीला एकदम घरी नेणेही योग्य नाही. पळाल्याने जो सुटकेचा आनंद होतो, तो पळण्याचीच सवय पक्की करतो. एक पायरी खाली उतरावे, तेथे यश मिळू द्यावे आणि मग थांबावे. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ साली मांडले, की 'मला हे जमेल' हा विश्वास मुख्यतः स्वतः मिळवलेल्या यशातून येतो.

थोडी भीती हवीच

भीती पूर्ण जावी का? नाही. पाण्याचा वेग दुप्पट झाला, की त्याचा जोर चौपट होतो. अर्धा चौरस मीटर पृष्ठभागावर सेकंदाला १ मीटर वेगाचे पाणी ढोबळमानाने २५ किलो वजनाइतका रेटा देते; २ मीटर वेगाचे १०० किलो आणि ३ मीटर वेगाचे तब्बल २२५ किलो! शिवाय धरणाखालच्या नदीला पाणी केव्हाही वाढू शकते. म्हणून जाणत्या शिक्षकांवाचून, जाकीट आणि शिरस्त्राणावाचून अशा पाण्यात उतरूच नये. ही भीती शहाणपणाची आहे, ती जपावी.

करून पाहा

प्लॅस्टिकच्या एका लहान बाटलीत तळाशी वाळू भरून, झाकण लावून ती बादलीत सोडा. ती उभी तरंगेल. कलंडवली तरी सरळ होईल. आता बाटली उलटी करून, वाळू झाकणाकडे येऊ द्या. काय होते ते पाहा आणि गुरुत्वमध्य कोठे गेला ते वहीत आकृती काढून दाखवा.

आणि आपले मामा? त्यांनी आता ढकलण्याचा विचार सोडला आहे, असे समजू. ते कमरेएवढ्या संथ पाण्यात होडी धरून उभे आहेत. होडी उलटते. "एक... दोन... तीन!" होडी सरळ होते. मुलगी केसांतले पाणी निथळत म्हणते, "भीती सात गुण. पुन्हा एकदा करू या का?"