पिशवीतलं शिसं

रक्तपेढीतून बाहेर पडण्याआधी दान केलेल्या रक्ताच्या प्रत्येक पिशवीची पाच आजारांसाठी तपासणी होते: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया. शिसं मात्र कोणी शोधत नाही. शोधलं तर थोडंफार बहुतेक पिशव्यांत सापडेल, कारण तेवढं तर तुमच्या-माझ्याही रक्तात असतं.

नवल आहे ते त्याच्या बसायच्या जागेचं. रक्तातलं सुमारे ९९ टक्के शिसं तांबड्या पेशींत असतं आणि तिथेही मुख्यतः एएलएडी नावाच्या एका विकरावर. हे विकर हीम तयार करण्याच्या कामातलं, आणि त्याला काम करायला जस्त लागतं. शिसं येतं, जस्ताला उठवतं आणि स्वतः ठाण मांडतं. खरं तर अस्थिमज्जेतून बाहेर पडून पक्व झालेल्या पेशीचं हीम बनवून संपलेलं असतं. तिच्यात ना केंद्रक उरतं, ना मायटोकाँड्रिया. तरी ते विकर आत तसंच राहतं, साहेब निवृत्त झाल्यावरही कचेरीत पडून राहिलेल्या खुर्चीसारखं. त्या खुर्चीवर शिसं पेशीबरोबर गावभर फिरतं.

ते येतं कुठून? जुन्या रंगाच्या पोपड्यांतून, भंगारातल्या बॅटऱ्या वितळवणाऱ्या भट्ट्यांतून, कधी भेसळीच्या हळदीतून. आपल्याकडे १ फेब्रुवारी २०००पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं खरं, पण त्याआधी मुंबईच्या सिग्नलला धूर गिळत उभं राहिलेल्यांच्या हाडांत त्याचा अंश आजही असू शकतो. शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडात साठवतं. तिथून ते निम्मं व्हायला दशकं लागतात, आणि हाड झिजतं-घडतं तसं ते थोडं थोडं रक्तात उतरत राहतं. म्हणजे रक्तदात्याच्या पिशवीत त्याच्या जुन्या मोहल्ल्याची हवासुद्धा असते!

याची झळ सगळ्यात जास्त लागू शकते ती एनआयसीयूतल्या, दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांना. समजा, दात्याच्या रक्तात डेसिलिटरमागे १० मायक्रोग्रॅम शिसं आहे. प्लाझ्मा वेगळा काढला की शिसं पेशींसोबत मागे राहतं, त्यामुळे पॅक्ड सेलमध्ये हा आकडा साधारण १५वर जातो. किलोभर वजनाच्या बाळाला त्यातले १५ मिलिलिटर चढवले, तर सव्वादोन मायक्रोग्रॅम शिसं थेट शिरेत. या बाळाच्या अंगात सगळं मिळून रक्तच ९० मिलिलिटरच्या आसपास. पातळी एका खेपेत दोनाने तरी वर जाते; अमेरिकेच्या सीडीसीने मुलांसाठी २०२१मध्ये आखलेली दखलपात्र रेषा आहे ३.५ची. अन्नातून आलेल्या शिशाला निदान आतडं तरी अडवतं: प्रौढांत दहावा हिस्सा आत जातो, लहान मुलांत अर्ध्यापर्यंत. सुईला असा दरवानच नाही.

त्यात आणखी एक पेच. बाळाला अनेक दात्यांचे संसर्ग लागू नयेत म्हणून एकाच दात्याचं रक्त छोट्या पिशव्यांत वाटून पुन्हा पुन्हा त्याच बाळाला देतात. पद्धत शहाणपणाची. पण नेमका तोच दाता शिसेवाला निघाला तर?

सिंथिया बेअरर आणि सहकाऱ्यांनी २००० साली अमेरिकेत अशा बाळांचा आणि त्यांना मिळालेल्या रक्ताचा अभ्यास छापला, तेव्हापासून हा प्रश्न वैद्यकात रीतसर नोंदलेला आहे. तरी लहानग्यांसाठीच्या पिशव्या निवडून तपासण्याची रीत सार्वत्रिक झालेली नाही, हे मला खटकतं. रक्तच देऊ नये असा याचा अर्थ कोणी काढू नये. या बाळांना रक्त न मिळणं हा कितीतरी मोठा धोका. आणि तपासणीत नापास झालेली पिशवी फेकावीही लागणार नाही. ३५० मिलिलिटरच्या त्या अख्ख्या पिशवीत शिसं ३५ मायक्रोग्रॅम. अपघातात सापडलेल्या प्रौढाच्या पाच लिटर रक्तात ते मिसळलं, तर डेसिलिटरमागे एक मायक्रोग्रॅमही वाढत नाही.